देवदूत काय म्हणाला

"आता वचन कोण वाचतंय?" मेट्रनबाईंनी विचारलं, आणि आमच्या कॅरल पार्टीचा आवाज एकदम बसला.

मी एलियाकडे बघितलं. एलियाच्या गळ्यात ढोलकी होती. एलियाने प्रफुल्लकडे बघितलं. प्रफुल्लच्या एका हातात माइक होता आणि दुसऱ्या हातात भाड्याने आणलेला, बॅटरीवर चालणारा स्पीकर. प्रफुल्लने बेंजूकडे बघितलं. बेंजू सांताक्लॉज झाला होता. लाल झगा, कापसाची दाढी, पोटावर बांधलेली उशी आणि खांद्यावर चॉकलेटांची पिशवी. त्याने त्या पिशवीत हात घालून चाचपडूनसुद्धा बघितलं. जसं काही चॉकलेटांच्या तळाशी बायबल सापडणार होतं.

"कोणाकडेच नाही?" मेट्रनबाई म्हणाल्या.

कोणाकडेच नव्हतं.

ही गोष्ट श्रीरामपूरजवळच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीतली, नाताळच्या आदल्या संध्याकाळची. तिला आता वीसेक वर्षं होऊन गेली. नाताळच्या फेरीची आमच्याकडे रीत ठरलेली. घरासमोर जायचं, ढोलकीवर दोन भजनं म्हणायची, बायबलमधलं प्रभूच्या जन्माचं वचन वाचायचं, त्या घरासाठी प्रार्थना करायची आणि मग चहा-फराळाला बसायचं. इतकी वर्षं फेरीचे पुढारी पगारेकाका होते. ते काखेत बायबल घेऊनच जन्माला आले असावेत असं आम्ही म्हणायचो. त्या वर्षी त्यांचे गुडघे धरले आणि फेरी आमच्या हातात आली. आम्ही जय्यत तयारी केली. श्रीरामपूरहून सांताचा झगा आणला, स्पीकर आणला, एक बॅटरी उतरली तर दुसरी असावी म्हणून जादा बॅटरी आणली. ढोलकीला नवी शाई लावून घेतली. बायबल कोणीतरी घेईलच, असं प्रत्येक जण धरून चालला होता.

गंमत अशी की तोवर अर्धी वस्ती फिरून झाली होती आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. पोरं चॉकलेटं घेऊन पळत होती, बाया सांताशेजारी उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या, आणि नेमकी वचनाची वेळ झाली की आतून करंज्यांचं ताट बाहेर येत होतं. आम्हीही निमूटपणे ताटाकडे वळत होतो. एकाही घरी कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या कुठल्याही घरी हे खपून गेलं असतं. पण या घरी माझं लग्न ठरायचं होतं.

मेट्रनबाई म्हणजे सगुणाबाई भालेराव. मिशनच्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, पण साडीची इस्त्री आणि आवाजाची धार दोन्ही नोकरीतली तशीच राहिलेली. आमच्या वस्तीतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. मलाही या जगातला पहिला फटका त्यांनीच मारला होता, त्यामुळे त्यांच्यासमोर ताठ उभं राहणं मला कधी जमलंच नाही. त्यांचा भाऊ आणि भावजय लवकर गेले, तेव्हा भावाची मुलगी एस्तेर त्यांनी पोटच्या मुलीसारखी वाढवली. एस्तेर बालवाडीत शिकवायची. मी वीज मंडळात वायरमन होतो. बालवाडीची ट्यूबलाइट त्या वर्षी जरा जास्तच वेळा बिघडली, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

एस्तेरने आत्याला माझ्याबद्दल सांगितलं, तेव्हा आत्या हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. "नाताळच्या फेरीत येईलच ना तो?" एवढंच म्हणाली. "येऊ दे. तेव्हा बघते."

हे ऐकून माझी झोप उडाली होती. कारण आत्याबाईंनी याआधी नगरचा एक चांगला बँकेतला मुलगा परत पाठवला होता. का, तर प्रार्थना चालू असताना त्याने डोळे किलकिले करून चकलीचा तुकडा मोडला. "देवाशी बोलताना ज्याला दम धरवत नाही, तो बायकोशी काय धरणार," म्हणाल्या आणि विषय मिटवला. म्हणून एस्तेरने मला बजावून ठेवलं होतं. नखं कापून ये, बुटाला पॉलिश कर, आणि आमेन झाल्याशिवाय ताटाकडे बघूसुद्धा नकोस. तिने सांगितलेलं सगळं मी अगदी मन लावून केलं होतं. बायबल आण, असं काही ती म्हणाली नव्हती. ते सांगावं लागेल असं तिला वाटलंच नसणार.

"बाई, मी आत्ता पळत जाऊन घरून घेऊन येतो," मी म्हणालो. "हा गेलो, हा आलो."

"थांब, अमोलिक." त्या सगळ्यांना आडनावाने हाक मारायच्या, दवाखान्यात केसपेपर वाचल्यासारखी. "तुझ्या घरी बायबल आहे हे मला माहीत आहे. माझ्याही घरी आहे, ते काय फळीवर. पण रस्त्यात ते तुमच्याजवळ नव्हतं, आणि त्यावाचून तुमचं काही अडलंही नाही. मग आता तुमच्याजवळ काय आहे ते तरी बघू. पाठ येत नसेल तर आपल्या शब्दांत सांगा. प्रभूचा जन्म कसा झाला?"

आतल्या दारात एस्तेर उभी होती. तिच्या हातात करंज्यांचं ताट होतं. आत्याने मागे न बघताच हात वर केला आणि ताट आत गेलं.

"चहा नंतर," मेट्रनबाई म्हणाल्या. "सांगा."

आम्ही सगळे संडे स्कूलमध्ये वाढलेले. दरवर्षी नाताळचं नाटक करायचो. तेव्हा गोष्ट येत नव्हती असं नाही, पण ज्याला त्याला ती आपापल्या भागापुरतीच येत होती. प्रफुल्लचा आवाज पहिल्यापासून खणखणीत, म्हणून तो कायम दवंडी पिटणारा. त्याने सवयीने माइक तोंडाशी नेला. मेट्रनबाईंनी नुसतं बघितलं, आणि त्याने तो खाली ठेवला.

"ऐका हो ऐका," प्रफुल्ल म्हणाला. "बादशहाचा हुकूम आहे. ज्यानं त्यानं आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवून यावं हो."

"मग?"

"मग मी विंगेत जायचो, बाई. मला पुन्हा एंट्री नव्हती."

मेट्रनबाईंच्या तोंडावरची रेघ हलली नाही. "पुढे कोण?"

पुढची थोडी वाटचाल आम्ही मिळून केली. योसेफ आणि मरिया निघाले, तिचे दिवस भरले होते, वाट लांबची होती, बेथलेहेमात पोचले तर गावात पाय ठेवायला जागा नाही. इथे बेंजू पुढे सरसावला, कारण धर्मशाळेचा मालक दरवर्षी तोच असायचा.

"जागा नाही," कापसाच्या दाढीतून बेंजू म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच होतं, बाई. मग दार लावायचं. दाराला कडी नव्हती म्हणून मी तोंडानं खट्‌ म्हणायचो."

"दाढी काढ आणि नीट सांग."

बेंजूने दाढी हनुवटीखाली ओढली. आता ती गळपट्ट्यासारखी दिसायला लागली. "मालक म्हणाला, जागा नाही, पण मागं गोठा आहे, तिथं बघा. मग तिथंच बाळ झालं. पाळणा कुठला असणार. जनावरांच्या गव्हाणीत निजवलं."

"कोणी केलं बाळंतपण?" मेट्रनबाईंनी विचारलं.

बेंजू गडबडला. "ते नाटकात नव्हतं, बाई."

"नसणारच," त्या म्हणाल्या. "नाटक पुरुषांनी बसवलेलं. पुढे."

एलिया आमच्यातला सगळ्यात गरीब गडी. त्याला नाटकात पहिली काही वर्षं मेंढरू केलं होतं. मग तो उंच झाला, तेव्हा बढती मिळून मेंढपाळ झाला. त्याने ढोलकी गळ्यातून काढून बाजूला ठेवली आणि हात जोडून उभा राहिला, जसं काही साहेबासमोर अर्ज घेऊन आला होता.

"बाई, त्याच रातीला रानात मेंढपाळ व्हते. मेंढरं राखीत व्हते. मंग एक मेंढपाळ म्हनतो, लई थंडी हाय गड्या. तो मीच."

"मग?"

"मंग लख्ख उजेड पडतो आन देवदूत येतो. आमी सगळे भिऊन खाली पडतो. मी तर लईच जोरात पडायचो. गुडघं फुटायचं."

"आणि देवदूत काय म्हणतो?"

एलियाने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्याने प्रफुल्लकडे बघितलं. प्रफुल्ल विंगेतला माणूस. बेंजू तर दार लावून बसलेला. कोणालाच ते येत नव्हतं. आणि तेव्हा आमच्या ध्यानात आलं की देवदूताचं काम आमच्यापैकी एकानेही कधी केलं नव्हतं. पांढरा झगा आणि पंख हे कायम मुलींकडे जायचं. नाव नोंदवण्यापासून मेंढरांपर्यंत सगळं बेथलेहेम आम्हाला पाठ होतं. त्या रात्री कोणी कोणाला काय सांगितलं, तेवढं सोडून.

"देवदूत म्हणून झगे घालून मुलीच उभ्या राहायच्या, बाई," प्रफुल्ल चाचरत म्हणाला.

"म्हणून त्याचं बोलणं मुलींपुरतंच होतं का?"

दारातून एस्तेरचा आवाज आला, "आत्या, मी सां..."

"तुला येतं हे मला माहीत आहे. तू गप्प राहा." मग मेट्रनबाई माझ्याकडे वळल्या. "अमोलिक, तू तर पडद्यामागेच असायचास. देवदूतावर उजेड पाडायचं काम तुझं होतं. दरवर्षी ऐकलं असशील."

एलिया खुदकन हसला आणि त्याने ते खोकल्यात दडवलं. त्याला कारण माहीत होतं. मी बॅटरीला पिवळा कागद लावून देवदूतावर उजेड पाडायचो हे खरं. सुरुवातीची वर्षं माझं सगळं लक्ष त्या बॅटरीकडे असायचं. शेवटची वर्षं देवदूत एस्तेर होती, आणि तेव्हा माझं लक्ष बॅटरीकडेही नसायचं. ती काय बोलते हे मी एकदाही ऐकलं नव्हतं. हे मी तिच्या आत्यासमोर कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

"ऐकलंय, बाई," मी म्हणालो. "भिऊ नका, म्हणतो."

"बरोबर. पुढे?"

पुढचं काही येईना. भिऊ नका म्हणणारा मीच भ्यायलो होतो. मला समोर नगरचा तो बँकेतला मुलगा दिसत होता, त्याची चकली दिसत होती. गेलं सगळं, असं मला वाटलं. एस्तेर दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि ओठ हलवून मला काहीतरी सांगत होती, पण मला ओठ वाचता येत असते तर आणखी काय हवं होतं.

मेट्रनबाईंना माझी दया आली असावी. आवाज मात्र तसाच होता. "बरं, ते राहू दे. मेंढपाळ तिथे का होते ते सांग. बाकी सगळे गावात, हे एकटे रानात का?"

"ड्यूटीवर होते, बाई," माझ्या तोंडून निघून गेलं. "रात्रपाळीला होते."

कोणी हसलं नाही. मलाही ते बोलल्यावर एकदम काहीतरी आठवलं, आणि मी बोलत सुटलो.

"मागच्या नाताळला माझी रात्रपाळी होती, बाई. सबस्टेशनला. सगळ्यांना सुट्टी पाहिजे होती, मी नवीन, मला कोण विचारतंय. बाहेर काकडायला लावणारी थंडी. तिथून आपल्या चर्चची घंटा ऐकू येते. लांबून रोषणाई दिसते. ती लाइट मीच चालू ठेवलेली, पण मी तिकडं नाही. वाईट वाटलं मला. वाटलं, सगळ्यांचा नाताळ झाला, आपला राहिला. त्या मेंढपाळांचंही तसंच असणार. सगळा देश नावं नोंदवायला गेलेला. यांचं नाव कोण नोंदवणार? कोणीतरी मेंढरं राखायला पाहिजेच, म्हणून हे रानात."

मेट्रनबाई इतका वेळ उभ्या होत्या. त्या मागची खुर्ची ओढून बसल्या.

"आणि देवदूत आधी त्यांच्याकडंच आला," मी म्हणालो. खरं सांगतो, हे मला तेव्हा बोलता बोलताच कळत होतं. "राजाकडं नाही गेला. मंदिरात नाही गेला. बाहेर थंडीत जे कामावर होते, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं, सरळ त्यांच्याकडं आला. म्हणाला, भिऊ नका. मी आनंदाची बातमी घेऊन आलोय, सगळ्या लोकांसाठी. तुमचा तारणारा जन्मलाय. तुमचा, म्हणाला, बाई. आणि ओळखायचं कसं? तर गव्हाणीत निजवलेला असेल, फडक्यात गुंडाळून. म्हणजे मेंढपाळाला आत जायला कोणाची परवानगी लागायची नाही. गोठ्यात कोणीही जाऊ शकतं."



"मंग आमी पळालो," एलिया हळूच म्हणाला. "मेंढरं तिथंच टाकून. तसंच पळालो."

"आणि मी आत झोपलो होतो," बेंजू म्हणाला. झग्यातली उशी त्याने कधी काढून हातात घेतली ते मला दिसलं नाही. "माझ्याच गोठ्यात झालं सगळं, आणि मला पत्ता नाही."

 इतकी वर्षं आम्ही ते नाटक केलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या, पण आम्हाला ही गोष्ट त्या ओसरीवर पहिल्यांदा ऐकू आली. मी कोणासमोर उभा होतो, कशासाठी आलो होतो, सगळं डोक्यातून गेलं. मी आपला त्या रानातच उभा होतो.

मेट्रनबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "सगळ्या नोकरीत नाताळची एक रात्र मला चर्चमध्ये मिळाली नाही," त्या म्हणाल्या. "तरुण पोरींना घरी जायचं असायचं, मग मीच थांबायची. वॉर्डात बाळं रडत असायची. मी त्यांना म्हणायची, रडा रे, आज तुमचाच सण आहे. तीच माझी उपासना." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "रात्रपाळी म्हणालास ते बरोबर आहे. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पगारेंनीसुद्धा नाही. ते वाचायचे छान, पण फार भरभर."

मग त्या म्हणाल्या, "आता गा."

प्रफुल्लने स्पीकरला हात लावला नाही. एलियाने ढोलकी घेतली आणि नेहमीच्या दणक्याने न वाजवता बोटांनी धरली. आम्ही दोन भजनं म्हणायची ती चार म्हटली. शेजारच्या घरातली माणसं अंगणात येऊन उभी राहिली, आणि कोणीतरी पगारेकाकांनाही खुर्चीसकट उचलून आणलं. एस्तेर आत्याच्या खुर्चीमागे येऊन गात होती. त्या दिवशी मी तिच्याकडे बघत नव्हतो, आणि हे तिनेच मला नंतर किती वेळा ऐकवलंय.

प्रार्थना मेट्रनबाईंनी केली. जे आज कामावर आहेत त्या सगळ्यांसाठी केली. दवाखान्यातल्या नर्सबाईंसाठी, एसटीच्या ड्रायव्हरांसाठी, कारखान्यात गाळपाला उभ्या असलेल्यांसाठी, सबस्टेशनवर त्या दिवशी ज्याची पाळी होती त्याच्यासाठी. आमेन झाल्यावर ताट बाहेर आलं, आणि मी खरंच कोणाच्या आधी हात घातला नाही. मला भूकच नव्हती. मी बशीतला चहा फुंकत बसलो होतो आणि मनात चाललं होतं, ती मेंढरं कोणी राखली असतील, हे सगळे पळाल्यावर.

मेट्रनबाई पगारेकाकांशी बोलत होत्या. मग त्यांचा आवाज माझ्याकडे वळला, तोही मला अर्धवटच ऐकू आला.

"अमोलिक, पाळकसाहेबांना माझा निरोप सांग. नव्या वर्षात पहिल्या रविवारपासून चर्चमध्ये पुकार करायला घ्या म्हणावं. माझी हरकत नाही."

लग्नाआधी तीन रविवार भर उपासनेत दोघांची नावं पुकारायची आणि कोणाची हरकत आहे का ते विचारायचं, ही आमच्याकडची पद्धत.

"सांगतो, बाई," मी म्हणालो. आणि मग चांगला मुलगा म्हणून आस्थेने विचारलं, "कोणाची पुकार?"

एलियाच्या हातून बशी पडली. प्रफुल्ल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बेंजूने घाईघाईने दाढी वर ओढली आणि तिच्यामागे हसून घेतलं. एस्तेरने कपाळावर हात मारला आणि तशीच आत निघून गेली.

मेट्रनबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुझी," त्या म्हणाल्या. "मागायला आलास आणि विसरलास ना? म्हणूनच."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या बशीत एक करंजी ठेवली.